स्पॅनिश शिकायला स्पेनला: निडीहून निघताना किती पैसे लागतात?

आठ आठवडे स्पेनमध्ये राहून स्पॅनिश शिकायचं, तर घरातून साधारण 5 लाख रुपये बाहेर पडतात. विमानाच्या तिकिटापासून कांदे-बटाट्यापर्यंत सगळं त्यात आलं. यातले शाळेच्या फीचे फक्त दीड लाख. बाकीचे जाण्या-येण्याचे, राहण्या-खाण्याचे आणि माणसांत मिसळण्याचे. पैसे कमी पडायला लागले की घरचे लोक सगळ्यात आधी हा शेवटचा खर्च कापतात. ‘शिकायला चाललास, फिरायला नाही’ हे वाक्य ठरलेलं असतं. माझं म्हणणं नेमकं उलट आहे. कापायचेच असतील तर वर्गाचे दोन आठवडे कापा, पण नव्या मित्रमैत्रिणींबरोबरच्या संध्याकाळींचे पैसे राखून ठेवा. वर्गात व्याकरण कळतं. जीभ सुटते ती वर्गाबाहेर.

निडी म्हणजे नागोठणे आणि रोहा यांच्या मधलं छोटं स्टेशन. इथल्या मुलांना स्पॅनिश कशाला, हा प्रश्न घरोघर येतो आणि तो विचारलाच पाहिजे. नागोठण्याला पेट्रोकेमिकलचा मोठा कारखाना आहे, धाटावच्या एमआयडीसीत रसायनांच्या कंपन्या आहेत, उरणला न्हावा शेवा बंदर आहे. रसायनं, औषधं, जहाजवाहतूक या धंद्यांत लॅटिन अमेरिकेतले गिऱ्हाईक असतात आणि त्यांच्याशी त्यांच्या भाषेत बोलणारा माणूस आपल्याकडे सहज मिळत नाही. 20 देशांची ही अधिकृत भाषा, जवळपास 50 कोटी लोकांची मातृभाषा आणि संयुक्त राष्ट्रसंघाच्या सहा अधिकृत भाषांपैकी एक. शिकायला परदेशी जाणंही या पट्ट्याला नवं नाही. रोह्यात लहानाचे मोठे झालेले चिंतामणराव देशमुख 1915 मध्ये केंब्रिजला गेले आणि पुढे रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले.

तरी एक गोष्ट पैसे मोजण्याआधी स्पष्ट सांगतो. आठ आठवड्यांनी नोकरी लागत नाही. युरोपात भाषेच्या सहा पातळ्या मानतात: ए1, ए2, बी1, बी2, सी1, सी2. कंपन्या साधारण बी2 मागतात. स्पेनमधले आठ आठवडे ही त्या वाटेवरची मोठी उडी आहे, मुक्काम नाही. ‘दोन महिन्यांत स्पॅनिश, शंभर टक्के नोकरी’ असं कुणी सांगत असेल तर तिथूनच उठा.

पहिले 40 हजार इथेच खर्च करा

सगळ्यात महाग चूक म्हणजे ‘ओला’, म्हणजे नमस्कारापासून सुरुवात करायला स्पेन गाठणं. ए1 आणि ए2 या दोन पातळ्या मिळून ढोबळमानाने दीडशे तासांचं काम आहे. ते इथे ऑनलाइन थेट वर्गात केलं, तर दोन्ही पातळ्यांचे मिळून 30 ते 40 हजार रुपये लागतात. तेच काम स्पेनमध्ये करायचं तर आठवड्याला 20 तासांच्या वर्गात साडेसात आठवडे गेले. राहणं-खाणं धरून आठवड्याला 350 युरो पकडले, तर झाले पावणेतीन लाख. एवढे पैसे देऊन तुम्ही आकडे, रंग आणि आठवड्याचे वार शिकणार. ते काम संध्याकाळी घरच्या ओटीवर बसून होतं.

(पूर्ण लेखात एक युरो 105 रुपये धरला आहे. दर रोज हलतो, म्हणून हिशेब थोडा चढाच ठेवलेला बरा. शाळा, खोली आणि तिकिटाचे आकडे ढोबळ आहेत; शहर आणि हंगामाप्रमाणे ते वर-खाली होतील.)

निडी, रोहा, पेण या भागातून रोज मुंबई-पुण्याला वर्गासाठी जाणं परवडणारं नाही. पैशापेक्षा वेळ जातो. म्हणून ऑनलाइन वर्ग बरे, पण ते थेट हवेत, समोर शिक्षक आणि बरोबर पाच-सात विद्यार्थी असलेले. नुसत्या रेकॉर्ड केलेल्या व्हिडिओंना दहा हजार मोजू नका. तसलं फुकट भरपूर मिळतं. इन्स्टिट्यूटो सर्व्हांतेस ही स्पेन सरकारची 1991 मध्ये स्थापन झालेली संस्था. तिचं दिल्लीतलं केंद्र 2009 पासून आहे आणि ते ऑनलाइन वर्गही घेतं. पुण्यात राहण्याची सोय असेल तर विद्यापीठाच्या आणि खासगी संस्थांच्या वर्गांची चौकशी करा. प्रत्येक ठिकाणी तीन प्रश्न विचारा: एकूण तास किती, बॅचमध्ये जास्तीत जास्त किती जण, आणि मध्येच सोडलं तर पैसे किती परत. उत्तर ई-मेलवर मागा. तोंडी उत्तराला पुढे काही किंमत नसते.

मित्र जोडण्याचं कामही इथूनच सुरू होतं. इंग्रजी शिकू पाहणारे स्पॅनिश लोक भाषेची देवाणघेवाण करायला माणूस शोधत असतात: अर्धा तास तुमच्या स्पॅनिशला, अर्धा तास त्यांच्या इंग्रजीला, पैसे कुणीच कुणाला द्यायचे नाहीत. स्पेनचं घड्याळ उन्हाळ्यात आपल्यामागे साडेतीन तास आणि हिवाळ्यात साडेचार तास असतं. तिथे संध्याकाळचे सहा वाजतात तेव्हा आपल्याकडे रात्रीचे साडेनऊ किंवा साडेदहा. जेवणं आटोपलेली असतात, घर शांत असतं. आठवड्यातून दोनदा असं बोलणारा मुलगा स्पेनमध्ये उतरतो तेव्हा त्याच्या ओळखीचं एक तरी माणूस तिथे असतं. या ओळखीला दमडी लागत नाही.

आपल्याच कुंडलिकेच्या मुखाशी, रेवदंड्यासमोरच्या कोर्लईत आजही पोर्तुगीजमधून घडलेली बोली घरात बोलली जाते. पोर्तुगीज ही स्पॅनिशची सख्खी बहीण, त्यामुळे स्पॅनिश शिकू लागलेल्याने एकदा तिथे जाऊन कान द्यावा. स्पॅनिशचा सराव मात्र तिथे होणार नाही.

शाळा निवडताना

बार्सिलोना आणि माद्रिद ही नावं सगळ्यांच्या तोंडी असतात, आणि खर्चही तिथेच सगळ्यात जास्त. माद्रिदमध्ये चार जणांच्या घरातली एक खोली महिना 450 ते 650 युरोला जाते. सालामांका किंवा ग्रानादात तशीच खोली 250 ते 350 मध्ये मिळते. बार्सिलोनात आणखी एक अडचण आहे. रस्त्यावर, दुकानात, घरात कातालान भाषाही चालते. सालामांकाचं विद्यापीठ 1218 चं, गाव विद्यार्थ्यांचं आणि सगळं पायी फिरण्याजोगं. नवख्या माणसाला मी सालामांका, ग्रानादा किंवा वालेन्सिया सुचवीन. वालेन्सियाला समुद्र आहे आणि भातही त्यांच्याच शेतातला. रायगडच्या माणसाला तिथे परकं वाटणार नाही.

गटातल्या वर्गाची फी आठवड्याला 160 ते 250 युरो असते. आठ आठवड्यांचं एकदम घेतलं की दर उतरतो, म्हणून मी 180 धरतो. इथे एक मेख आहे. माहितीपत्रकात ‘आठवड्याला 20 तास’ लिहिलेलं असतं, पण बऱ्याच शाळांत तो तास 45 किंवा 50 मिनिटांचा असतो. 45 मिनिटांचे 20 तास म्हणजे घड्याळाचे 15 तास. दोन शाळांची तुलना करताना फी घड्याळाच्या तासांनी भागा. स्वस्त वाटणारी शाळा पुष्कळदा महाग निघते. नोंदणी शुल्क आणि पुस्तकं वेगळी असतात, त्याला 60 युरो ठेवा.

शाळेला सर्व्हांतेसची मान्यता आहे का, ते संस्थेच्या अधिकृत यादीत स्वतः शोधा. शाळेच्या पानावरचा शिक्का पुरेसा नाही. दुसरं, वर्गात भारतीय किंवा इंग्रजीत बोलणारे किती असतात ते विचारा. जर्मन, जपानी, ब्राझिलियन असा मिश्र वर्ग मिळाला तर मधल्या सुट्टीतही स्पॅनिशच बोलावं लागतं, कारण सगळ्यांना येणारी तीच एक भाषा असते.

ग्वाटेमालातल्या अँटिग्वासारख्या ठिकाणी एकास एक शिक्षक आणि घरगुती मुक्काम स्पेनपेक्षा बऱ्याच कमी पैशांत मिळतो, हे खरं. पण मुंबईहून तिथे पोचायचं तिकीट आणि वाटेतल्या देशांचे ट्रान्झिट व्हिसा यांत ती बचत संपते. तीन महिन्यांपेक्षा जास्त राहणार असाल तरच त्या वाटेचा विचार करा.

व्हिसा: खर्च थोडा, दाखवायचे पैसे जास्त

पासपोर्ट नसेल तर आज अर्ज करा. 36 पानांच्या साध्या पासपोर्टला 1,500 रुपये, तत्काळला आणखी 2,000. एजंटाची गरज नाही.

90 दिवसांपर्यंत राहायचं असेल तर शेंगेन व्हिसा चालतो. जून 2024 पासून त्याची फी 90 युरो आहे, शिवाय अर्ज घेणाऱ्या बीएलएस कंपनीचं सेवाशुल्क. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि 15 दिवस आधीपर्यंतच. पण मुंबईत अपॉइंटमेंट मिळणं हीच खरी अडचण असते, विशेषतः एप्रिल ते जूनमध्ये. किमान 30 हजार युरोंचं संरक्षण देणारा प्रवास विमा लागतो. आठ आठवड्यांचा साधारण 4 हजार रुपयांत येतो. व्हिसाची फी, फोटो, झेरॉक्स आणि मुंबईच्या दोन फेऱ्या मिळून 13 हजार धरा.

आता लक्ष देऊन वाचा. तुमचा खर्च 5 लाख असला तरी खात्यात तेवढेच दाखवून भागेल असं नाही. स्पेनचा निकष त्यांच्या किमान मासिक वेतनाशी बांधलेला आहे: मुक्कामाच्या प्रत्येक दिवसाला त्या वेतनाच्या 10 टक्के. 2025 मध्ये ही रक्कम दिवसाला 118.40 युरो होती. 56 दिवसांचे झाले 6,630 युरो, म्हणजे जवळजवळ 7 लाख रुपये. वडील किंवा आई प्रायोजक असतील तर त्यांचं बँक स्टेटमेंट, आयकर विवरण आणि तसं पत्र जोडता येतं. अर्जाच्या आठवडाभर आधी मामाकडून, काकाकडून पैसे आणून खात्यात भरू नका. अचानक फुगलेलं खातं अधिकाऱ्याच्या नजरेतून सुटत नाही. पीक विकल्याचे, कारखान्याच्या पगाराचे, गणपतीच्या कारखान्यातल्या मोसमी कमाईचे पैसे असतील तर ते जसे येतात तसे बँकेतून येऊ द्या, आणि ही सवय वर्षभर आधी लावा.

90 दिवसांपेक्षा जास्त राहायचं तर विद्यार्थी व्हिसा. त्याला आठवड्याला किमान 20 तासांचा वर्ग आणि महिन्याला 600 युरोंची सोय दाखवावी लागते. हा आकडा 2023 ते 2025 या वर्षांत तोच राहिला. सहा महिन्यांवर मुक्काम असेल तर पोलिसांचा दाखला आणि वैद्यकीय प्रमाणपत्रही लागतं. परदेशी नागरिकांसाठीचे स्पेनचे नवे नियम 20 मे 2025 पासून लागू झाले आहेत, तेव्हा त्याआधीचे सल्ल्याचे व्हिडिओ पाहून अर्ज भरू नका. आणि भाषेच्या कोर्सला जाऊन तिथे काम करून खर्च काढू, असा बेत करूच नका. शेंगेन व्हिसावर काम करता येत नाही.

फी बँकेतून थेट शाळेच्या खात्यावर पाठवा. एप्रिल 2025 पासून वर्षाला 10 लाखांपर्यंत परदेशी पाठवलेल्या शिक्षणाच्या पैशांवर टीसीएस हा कर कापला जात नाही, त्यामुळे ‘कर भरावा लागेल, रोख द्या’ असं कुणी म्हणालं तर फसू नका.

राहणं, खाणं आणि सामानातला नारळ

पहिले दोन आठवडे शाळेने ठरवून दिलेल्या कुटुंबात राहा. न्याहारी आणि रात्रीचं जेवण धरून आठवड्याला 240 युरोच्या आसपास. महाग आहे, पण नवख्या शहरात फसवणूक टळते, आणि घरातल्या आजीबरोबर रात्री नऊला जेवताना जे कानावर पडतं ते कुठल्याही पुस्तकात नसतं. त्या दोन आठवड्यांत स्वतः जाऊन खोली बघा. न बघता इथून अनामत पाठवू नका. फोटोतल्या सुंदर खोलीचे पैसे घेऊन गायब होणारे भामटे तिथेही आहेत. घर निवडताना एकच अट ठेवा: बरोबर राहणारे स्पॅनिश बोलणारे हवेत. आपल्या लोकांच्या घरात वरणभात मिळेल, पण आठ आठवडे मराठी-हिंदीतच जातील.

स्वतः रांधलं तर आठवड्याला 45 युरोत भागतं. तांदूळ, मसूर, अंडी, कांदे-बटाटे, टोमॅटो आपल्या हिशेबाने फार महाग नाहीत. मासे खाणाऱ्यांची तर चंगळ. दुपारी बाहेर जेवायचं तर ‘मेनू देल दिया’ मागा: दोन पदार्थ, पाव, पेय आणि गोड मिळून 12 ते 15 युरो. शाकाहारी असाल तर मसुराच्या आमटीतही डुकराच्या मांसाचा तुकडा असू शकतो, हे विचारून घ्या.

सामान बांधताना आई तुपाची बरणी ठेवतेच. ती काढून ठेवा. बाहेरच्या देशांतून मांस आणि दुधाचे पदार्थ आणायला युरोपीय संघात बंदी आहे. तूप, पेढे, खवा सगळं त्यात आलं. ताजी फळं सरकारी आरोग्य प्रमाणपत्राशिवाय चालत नाहीत, त्यामुळे हापूसही नाही. मात्र नारळ, केळी, अननस, खजूर यांना यातून सूट आहे. वाड्यातला नारळ खुशाल न्या. पोहे, मेतकूट, घरचा मसाला, कुळथाचं पीठ सुटं न ठेवता नीट पॅक करून, नाव लिहून न्या.

संध्याकाळचा खिसा

आता ज्या खर्चाबद्दल मला सगळ्यात जास्त सांगायचं आहे तो. आठवड्याला 30 युरो फक्त मित्रांबरोबरच्या वेळेसाठी वेगळे काढा आणि ते शिल्लक ठेवायचा प्रयत्न करू नका.

ग्रानादातली एक साधी संध्याकाळ पाहा. वर्गातली जपानी मुलगी, घरात बरोबर राहणारा स्पॅनिश विद्यार्थी, त्याची बहीण आणि तुम्ही, असे चौघं. तिथे पेय मागवलं की त्याबरोबर खाण्याची छोटी बशी फुकट येते: कधी बटाट्याचं आम्लेट, कधी तळलेली छोटी मासळी. पेय पावणेतीन-तीन युरोचं. मद्य नको असेल तर ‘मोस्तो’, म्हणजे द्राक्षाचा न आंबवलेला रस मागा, कुणी भुवई उंचावत नाही. साधं पाणी फुकट मागण्याचा हक्कही तुम्हाला आहे. 2022 च्या कायद्याने हॉटेलांना नळाचं पाणी मोफत देणं बंधनकारक केलं आहे. तीन ठिकाणी फिरून तीन पेयं झाली की पोट भरतं. प्रत्येकाने सुरुवातीलाच 10 युरो एकत्र काढून एकाच्या हातात द्यायचे आणि त्यातूनच सगळीकडे पैसे भरायचे, ही तिथली पद्धत. म्हणजे साडेआठला निघून साडेअकराला परत, तीन तास अखंड स्पॅनिश. वर्गाचा एक तास तुम्हाला 9 युरोला पडतो. हे तीन तास मिळून 10 युरोला. आणि इथे कुणी तुमची क्रियापदं तपासत नाही, तुम्ही काय सांगताय ते ऐकायला थांबतात.

संध्याकाळी भाषा-देवाणघेवाणीच्या बैठका बहुतेक विद्यार्थी-शहरांत भरतात. प्रवेश फुकट, एक पेय घ्यावं एवढीच अपेक्षा. पहिल्या दिवशी अवघडल्यासारखं होतं. तरी तीन आठवडे त्याच ठिकाणी, त्याच वारी जा. चेहरा ओळखीचा झाला की आमंत्रणं येतात.

शहरांत फुकट वेळा शोधा. माद्रिदचं प्रादो संग्रहालय एरवी 15 युरो घेतं, पण सोमवार ते शनिवार संध्याकाळी 6 ते 8 आणि रविवारी 5 ते 7 प्रवेश मोफत असतो. अवचितगड, सुरगड चढलेल्या पोरांना तिथल्या डोंगरवाटा जड नाहीत, आणि रविवारी गटाने डोंगर चालायला जाणं स्पॅनिश लोकांना मनापासून आवडतं. बसचं भाडं आणि घरची शिदोरी, एवढाच खर्च. जरा मोठा बेत करायचा तर सांतियागोच्या यात्रामार्गाचा शेवटचा टप्पा चाला. सारियापासून सुमारे 115 किलोमीटर, पाच-सहा दिवस. गालिसियातल्या सरकारी धर्मशाळांत रात्रीचे 10 युरो. वारीला गेलेल्याला ही वाट लगेच ओळखीची वाटेल: पहाटे निघणं, पायाचे फोड, अनोळखी माणसाने पुढे केलेला फराळ आणि वाटभर गप्पा. अशा दोन सहलींना मिळून 240 युरो ठेवा.

मुलींच्या आईवडिलांसाठी एक शब्द. रात्रीचं जेवण तिथे नऊ-दहालाच होतं, त्यामुळे ‘सातच्या आत घरात’ हा नियम लावला तर मुलगी एकाही मित्रमंडळात सामील होऊ शकणार नाही. त्याऐवजी घरमालकिणीचा नंबर घ्या, परतताना कुणाबरोबर येणार ते ठरवा आणि आणीबाणीचा 112 हा नंबर फोनमध्ये ठेवा. खिसेकापू मात्र मोठ्या शहरांत भरपूर. मूळ पासपोर्ट घरी, छायाप्रत खिशात.

दुकानात कार्ड फिरवताना यंत्र विचारतं, रुपयांत की युरोत? नेहमी युरो निवडा. रुपये निवडले की दर त्यांचा लागतो.

एकूण बेरीज

शाळेची फी 1,51,200. पुस्तकं आणि नोंदणी 6,300. दोन आठवडे कुटुंबात आणि सहा आठवडे खोलीत राहण्याचे 1,05,500. जेवणखाण 45,000. मित्रांबरोबरचा खर्च आणि दोन सहली 50,400. फोन आणि बस 7,350. विमान 70,000, महिना आणि वाट बदलली की हे 55 ते 90 हजारांत हलतं. व्हिसा 13,000, विमा 4,000. झाले साडेचार लाखांच्या थोडे वर. त्यावर दहा टक्के अडीनडीला. 5 लाख.

पैसे कमीच असतील तर आठऐवजी सहा आठवडे जा, किंवा पाचव्या आठवड्यापासून वर्गाचे तास निम्मे करा. संध्याकाळचे 30 युरो तसेच राहू द्या. हे सगळे मिळून आठ आठवड्यांचे 25 हजार होतात, म्हणजे पूर्ण खर्चाच्या वीस भागांतला एक.

परत आल्यावर परीक्षा द्या. डेले हे प्रमाणपत्र स्पेनच्या शिक्षण मंत्रालयाच्या नावाने सर्व्हांतेस देतं आणि ते आयुष्यभर चालतं; सिएले संगणकावरची परीक्षा असते आणि तिचं प्रमाणपत्र पाच वर्षांचं. नोकरीच्या अर्जाला डेले उत्तम. फीसाठी 10 हजार बाजूला ठेवा आणि नेमका दर परीक्षा केंद्रावर विचारा.

कधी निघायचं? ऑगस्टमध्ये नको: उकाडा, सुट्ट्या, निम्मी दुकानं बंद, आणि इकडे घरात गणपती. गौरी-गणपती झाले की सप्टेंबरअखेर निघा, नोव्हेंबरअखेर परत या. त्यासाठी पासपोर्ट आदल्या वर्षीच हातात हवा, ए2 जूनपर्यंत संपवा आणि व्हिसाची अपॉइंटमेंट जुलैत घ्या. शाळेकडून एक कागद आधीच लेखी घ्या: व्हिसा नाकारला तर फी परत मिळेल का, किती आणि किती दिवसांत. व्हिसाची स्वतःची फी मात्र कधीच परत येत नाही.

पनवेल-मुंबईच्या एजंटाकडून ‘सगळं मिळून साडेसात लाख’ असं पॅकेज आलं तर त्याची फोड मागा: शाळा, राहणं, विमान, व्हिसा, त्याची दलाली. फोड देत नसेल तर व्यवहार करू नका. पावती जीएसटी क्रमांकासह घ्या. परदेशी शाळेविरुद्ध इथून दाद मागणं अवघड, पण पैसे घेणारी भारतातली संस्था कायद्याच्या कक्षेत येते. फसवणूक झाली तर पहिला फोन राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 ला करा. त्याने भागलं नाही तर अलिबागच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जा. तिथे 50 लाखांपर्यंत मोबदला दिलेल्या व्यवहाराची तक्रार ऐकली जाते आणि 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीची फी लागत नाही. वकील देणंही सक्तीचं नाही. पावत्या, ई-मेल आणि बँकेच्या नोंदी मात्र तारखेप्रमाणे लावून न्या.